मृगाआधीचे दोन महिने

महाराष्ट्राच्या पठारावरील कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षात गुढीपाडव्यापासून 7 जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागेपर्यंतचा काळ शेतात उभे पीक नसण्याचा असतो, आणि शेतकरी कुटुंब वर्षात सर्वाधिक हलते तेही याच काळात. देवाची यात्रा, गावची जत्रा, सोयऱ्यांकडची लग्ने, लेकीला माहेरी आणणे, मुलांना मामाच्या गावी पोचवणे आणि बैलांसाठी लांबचा बाजार गाठणे अशी ही ये-जा चैत्र-वैशाखात इतकी दाटलेली असते, की घरातली सगळी माणसे एका रात्री एका छपराखाली झोपली असे या दिवसांत क्वचितच घडते. या प्रवासांची नोंद बहुधा श्रद्धेच्या, रूढीच्या किंवा करमणुकीच्या खात्यात होते. शेतीचे काम म्हणून त्यांच्याकडे फारसे पाहिले जात नाही. पेरणी आणि काढणी यांच्याइतकेच आवश्यक असलेले एक तिसरे काम, म्हणजे ज्यांच्या भरवशावर पुढचे वर्ष काढायचे त्या माणसांशी असलेले नाते वेळच्या वेळी डागडुजी करून ठेवणे, या कुटुंबाकडून होते ते याच दोन महिन्यांत, आणि तसे पाहिल्याशिवाय या ये-जेचा अर्थ लागत नाही.

हे समजून घेण्यासाठी सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमा जिथे एकत्र येतात तो माण, खटाव, आटपाडी, सांगोला, माळशिरस या तालुक्यांचा माणदेशी टापू सोयीचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर नैर्ऋत्य मोसमी वारे आपला बहुतेक पाऊस सांडून पुढे कोरडे होऊन येतात, त्यामुळे डोंगराच्या पूर्वेकडील हा भाग पर्जन्यछायेत, म्हणजे पावसाच्या आडोशात, पडतो. येथे पावसाचा भरवशाचा भाग सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर येतो. म्हणून भारी जमिनीतले मुख्य पीक खरिपाचे नसून रब्बीचे, आणि त्यातही शाळू ज्वारीचे असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी ज्वारी माघ-फाल्गुनात काढली जाते, शिमग्याच्या आसपास खळे उरकते, धान्य घरात येते आणि कडब्याच्या गंजी रचल्या जातात. चैत्र उजाडतो तेव्हा कणगीत दाणे असतात, जनावरांपुढे वैरण असते आणि रानात पीक नसते. पाहुण्याला जेवू घालण्याची ऐपत आणि स्वतः पाहुणा म्हणून जाण्याची सवड या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हाताशी असण्याचा वर्षातला हा बहुधा एकमेव काळ असल्याने यात्रांचे आणि लग्नांचे दिवस येथेच का दाटले, याचे निम्मे उत्तर ज्वारीच्या या वेळापत्रकात मिळते.

रान मोकळे असले तरी माणसे मोकळी असतात असे नाही. धसकटे, म्हणजे ताटे कापल्यावर जमिनीत राहिलेले खुंट, वेचायची असतात, हरळी आणि कुंदा खणून काढायचा असतो, बांध घालायचे असतात, उकिरड्यातले शेणखत गाडीने रानात नेऊन टाकायचे असते, आणि सर्वांत कष्टाचे म्हणजे नांगरट करायची असते, कारण उलथलेली ढेकळे वैशाखाच्या उन्हात तापली तरच जमिनीचा कस सुधारतो असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बाजारात आणला तेव्हा शेतकऱ्याच्या हाती जमीन खोल उलटवण्याचे साधन आले. पण काळ्या रानात असा नांगर ओढायला बैलांच्या दोन, तीन, प्रसंगी चार जोड्या लागत आणि बहुतेक घरांच्या दावणीला एकच जोडी, कित्येकदा एकच बैल असे. ही अडचण ज्या रीतीने सुटत असे तिला सावड म्हणतात: आज याच्या रानात त्याचे बैल, उद्या त्याच्या रानात याचे. काही भागांत तिलाच पैरा म्हणतात, तर दोन एकबैली शेतकऱ्यांनी आपापला बैल एकत्र जुंपून वर्षभर दोघांची शेती करण्याच्या करारास वारंगुळा असा शब्द आहे. याच कुळातली इर्जिक ही आणखी मोठी गोष्ट होती. एखाद्याच्या रानासाठी गावातल्या अनेकांनी एकाच दिवशी औते घेऊन यावे, दिवसभरात सगळे रान उलथून द्यावे आणि ज्याचे रान त्याने सर्वांना गोडाधोडाचे किंवा सामिष जेवण द्यावे, असा तिचा शिरस्ता होता. पैशाची देवघेव यांपैकी कशातच नव्हती. हिशेब ठेवला जात होता तो मनात, आणि तो फिटला नाही तर माणूस एकटा पडत असे.

एकटे पडण्याची ही भीती लक्षात घेतली म्हणजे यात्रेचा अर्थ उलगडू लागतो. माणदेशातली सर्वांत मोठी चैत्रयात्रा शिखर शिंगणापूरच्या शंभूमहादेवाची. माण तालुक्यातल्या डोंगरमाथ्यावरचे हे देवस्थान भोसले घराण्याचे कुलदैवत असून रा. चिं. ढेरे यांनी त्याच्या इतिहासावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. चैत्र शुद्ध पंचमीला देवाला हळद लागते, अष्टमीच्या रात्री शंभूमहादेव आणि पार्वती यांचे लग्न लागते आणि द्वादशीला कावडी चढतात, म्हणजे गावातल्या कोणत्याही लग्नघरात जो क्रम असतो तोच येथे देवाच्या घरी पाळला जातो आणि जमलेले लोक वऱ्हाडी ठरतात. मराठवाड्यातून उंच काठ्या घेऊन पायी येणारे जथे लग्नासाठी पोचतात, तर पुणे आणि सातारा जिल्ह्यांतील गावे कावडी घेऊन येतात. कावड म्हणजे खांद्यावर पेलायचा आडवा दांडा आणि त्याच्या दोन बाजूंना पाण्याने भरलेली भांडी; तथापि यात्रेतल्या मानाच्या कावडी एका माणसाच्या खांद्यावर मावणाऱ्या नसतात, त्यांची भांडी रांजणाएवढी असतात आणि त्या उचलायला अनेक जण लागतात. कऱ्हेच्या काठावरील सासवडहून निघणारी भुतोजी तेली यांच्या नावाची कावड यांत प्रमुख मानली जाते.

द्वादशीला या कावडी मुंगी घाटाने वर येतात. हा घाट रस्ता नव्हे. डोंगराची उभी, दगडगोट्यांची धार आहे, ऊन चैत्राचे असते आणि पायाखालचा मुरूम सुटत असतो. कावड वर नेण्यासाठी माणसे एकमेकांना धरून साखळी करतात, वरचा खालच्याला हात देतो, खालचा वरच्याला खांद्याने रेटतो, आणि ‘हर हर महादेव’च्या गजरात ते भांडे वीतभर वीतभर पुढे सरकते. वर पोचल्यावर नदीकाठच्या गावांनी आणलेले ते पाणी डोंगरावरच्या देवाला घातले जाते. ऍन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात महाराष्ट्रातील लोकांच्या मनातला ‘प्रदेश’ कसा घडतो याचा शोध घेताना या कावडींचा तपशिलाने विचार केला आहे; चालत जाणारी माणसे आपल्या पावलांनी नदीचे खोरे आणि डोंगर एकमेकांना जोडतात, हे त्या विवेचनाचे सार म्हणता येईल. त्यात शेतीच्या बाजूने एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. मुंगी घाटात जे घडते ते सावडीचेच देवासमोरचे रूप आहे: एकट्याला न पेलणारे ओझे, ते उचलायला आलेली शेजारच्या गावांची माणसे, आणि मोबदल्याचा शब्दही नाही. ज्याच्या खांद्याला खांदा लावून हा चढ चढला त्याच्याकडे वैशाखात बैल मागायला जाताना संकोच वाटत नाही.

यात्रेत देवदर्शनाबरोबर व्यवहारही होत असे आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नसे. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीला सिद्धनाथाच्या चैत्र यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. आटपाडी, माण, सांगोला हा खिल्लार जातीचा टापू. पांढऱ्या किंवा करड्या अंगाचे, लांब आणि मागे वळलेल्या शिंगांचे हे बैल कडक जमिनीवर चपळ चालतात आणि थोड्या वैरणीवर तगतात. बाजारात बैल पाहणारा त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवर हात फिरवून कातडी कशी थरथरते ते पाहतो, आणि मग दलालाशी उपरण्याखाली हात धरून बोटांच्या खुणांनी किंमत ठरवतो. त्याच फेरीत कासरे, दावी, वेसणी, घुंगुरमाळा घेतल्या जातात, कोणाच्या घरी मुलगी लग्नाची आहे आणि कोणाकडे मुलगा आहे हे कळते, कोणत्या गावात पाऊस कसा झाला होता आणि बियाण्याला कोणाची ज्वारी चांगली आहे याचीही चौकशी होते. बातमी मिळवण्याचे दुसरे साधन नसलेल्या काळात यात्रा चुकवणे म्हणजे वर्षभर अंधारात राहणे होते.

मोठ्या देवाची यात्रा झाली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. यात्रा आणि जत्रा हे एकाच शब्दाचे दोन उच्चार असले तरी लोकव्यवहारात त्यांत भेद दिसतो: यात्रेला आपण जातो, जत्रेला लोक आपल्याकडे येतात. भैरवनाथ, म्हसोबा, बिरोबा, खंडोबा, जानाई किंवा यमाई यांपैकी जे ग्रामदैवत असेल त्याच्या तिथीला घरटी पट्टी काढून, म्हणजे प्रत्येक घराकडून ठरावीक वर्गणी घेऊन, ही जत्रा भरते. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, रात्री छबिना म्हणजे दिवट्यांच्या उजेडात, हलगी-ढोलाच्या तालावर निघणारी पालखीची मिरवणूक, नवस फेडणाऱ्यांनी वाटलेली शेरणी म्हणजे गूळ-खोबऱ्याचा प्रसाद, दुसऱ्या दिवशी घरोघर मटणाचा बेत, दुपारी कुस्त्यांचा आखाडा, रात्री तमाशा आणि सकाळी त्याच तमाशाच्या हजेऱ्या असा बऱ्याच गावांचा क्रम आहे. आखाड्यात पहिल्या कुस्त्या लहान पोरांच्या असतात आणि त्या खोबऱ्याच्या वाटीवर किंवा नारळावर लागतात. शेवटच्या कुस्तीचा मल्ल जिल्ह्याबाहेरचा असतो आणि तोवर दिवस मावळलेला असतो.

तमाशा ठरवण्यासाठी गावाने करावयाचा प्रवास हा या उन्हाळ्याचा एक विशेष आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी समजली जाते. पाडव्याच्या सुमारास फडांच्या, म्हणजे तमाशाच्या संचांच्या, राहुट्या तेथे लागतात आणि लांबलांबच्या गावांचे पंच मोटार करून जाऊन आपल्या तिथीची सुपारी देतात. सुपारी म्हणजे ठरलेल्या रकमेचा करार. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारख्या तमाशा कलावंतांमुळे ज्या गावाचे नाव सर्वतोमुखी झाले, तेथे दोन महिन्यांत फडाच्या वर्षभराच्या पोटापाण्याची बेगमी होते. त्यामुळे ज्या वर्षी दुष्काळाने किंवा साथीने जत्रा बंद राहतात, 2020 आणि 2021 हे दोन उन्हाळे तसे गेले, त्या वर्षी शेतकऱ्याच्या घरातला आनंद हुकतो आणि कलावंताच्या घरातली चूल विझते. जत्रेत भरणाऱ्या बैलगाडा शर्यतींचे तर सात वर्षांहून अधिक काळ असेच झाले; 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या थांबल्या, 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परत सुरू झाल्या आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलाच्या हालाचा प्रश्न खराच आहे आणि त्यासाठी घातलेल्या अटी पाळल्याच पाहिजेत. परंतु शर्यतीसाठी का होईना, खोंड सांभाळणारी घरे आहेत म्हणून ट्रॅक्टरच्या काळातही खिल्लार टिकून आहे, हेही त्याच तराजूत घालावे लागते.

जत्रेच्या निमंत्रणाला आवतन म्हणतात आणि ते प्रामुख्याने सोयऱ्यांना जाते. मराठी कुटुंबाची सगळी वीण भावकी आणि सोयरिक या दोन धाग्यांची आहे: भावकी म्हणजे एका पूर्वजापासूनची, एकाच आडनावाची, शेजारीच जमीन असलेली घरे, आणि सोयरिक म्हणजे लग्नाने जोडलेली, बहुधा परगावची घरे. भावकीत बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, वाटणीवरून भांडणे होतात, कारण मालमत्ता सामाईक असते. सोयऱ्याशी वाटून घ्यायचे काही नसते, म्हणून अडीअडचणीला तोच उपयोगी पडतो, आणि पाऊस एका गावात पडून दहा कोसांवरच्या दुसऱ्या गावात न पडणाऱ्या मुलखात वेगवेगळ्या गावी सोयरे असणे हा एक प्रकारचा विमाच असतो. एका वर्षी इकडची ज्वारी तिकडे जाते, दुसऱ्या वर्षी तिकडची वैरण इकडे येते. जत्रेच्या दिवशी जेवायला आलेला पाहुणा ही नाती अजून चालू असल्याची पावती असते. म्हणून कोण आले नाही याची चर्चा कोण आले यापेक्षा अधिक दिवस चालते.

पाहुण्यांत परगावी पोटासाठी गेलेले गावकरीही असतात. मुंबईच्या कापड गिरण्यांत सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतील माणसे मोठ्या संख्येने होती, गावकीच्या सामाईक खोल्यांवर राहत होती आणि जत्रेची रजा वर्षाआधीच मनाशी ठरवून ठेवत होती. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांपैकी अनेकांचे हे येणे कायमचे येणे ठरले. आज गावच्या वर्गणीत मोठा वाटा असतो तो माथाडी कामगारांचा, आणि खानापूर-आटपाडी, माण, खटावच्या भागात गलाई व्यावसायिकांचा. गलाई म्हणजे सोनेचांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. दुष्काळाने बाहेर काढलेली या भागातली कुटुंबे या धंद्याच्या निमित्ताने केरळ-तमिळनाडूपासून दिल्ली-पंजाबपर्यंत पसरली आहेत, आणि त्यांची मुले शाळेत मल्याळम किंवा तमिळ बोलत असली तरी मे महिन्यात चुलत-मावस भावंडांत मिसळून माणदेशी बोलू लागतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांचे परतणे याहून वेगळे, थकलेले असते. दसरा-दिवाळीनंतर उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ रक्कम, घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात गेलेले नवरा-बायकोचे जोडपे पाडव्याच्या आगेमागे गावी येते, घर झाडून काढते, मुलामुलींची लग्ने याच दिवसांत उरकते आणि त्या खर्चापायी पुढच्या हंगामाची उचलही याच दिवसांत घेते, त्यामुळे त्यांच्या उन्हाळ्यातच पुढच्या स्थलांतराचा करार लिहिला जातो.

जत्रेचे वर्णन करताना ती सगळ्या गावाची असते असे लिहिण्याची सवय आहे. ते पूर्ण खरे नाही. मान कोणाचा, पालखीला खांदा कोणाचा, दिवटी कोणी धरायची हे सारे जातीने ठरलेले होते आणि ज्यांच्या वाट्याला केवळ राबणे आले त्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जागा नव्हती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासह लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा गावोगावच्या बौद्ध कुटुंबांनी जत्रेतली पिढीजात कामे सोडली. त्यांच्या उन्हाळ्याला तेव्हापासून स्वतःच्या तिथी मिळाल्या: 14 एप्रिलची जयंती आणि वैशाखी पौर्णिमा. मुंबई-पुण्याचे नोकरदार जयंतीला गावी येतात, विहारासमोर वंदना होते, मिरवणूक निघते, गाणी-जलसे होतात, लेकी माहेरी येतात. ज्या चैत्र-वैशाखात शेजारच्या आळीत पालखी निघते त्याच दिवसांत हा मेळावा भरतो, आणि दोन एकर जिरायतीवर जगणाऱ्या बौद्ध कुटुंबाच्या दृष्टीने त्याचे कामही तेच असते: पांगलेल्यांना एकत्र आणणे आणि आपण कोण आहोत हे मुलांना कळवणे.

या सगळ्या प्रवासांत मनाने सर्वांत लांबचा प्रवास बाईचा असतो. सासरी नांदणाऱ्या मुलीला माहेरून बोलावणे येणे यास मूळ येणे म्हणतात, आणि तिला न्यायला येणारा भाऊ किंवा भाचा म्हणजे मुराळी. ती स्वतःहून निघू शकत नाही, सासूने रुकार द्यावा लागतो, आणि मुराळी रिकाम्या हाताने परत गेल्याचे दुःख कोठेही नोंदले जात नाही. ते नोंदले गेले जात्यावरच्या ओव्यांत. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. भाऊ, आई, माहेरची वाट आणि शिखरचा महादेव हे त्यांतले वारंवार येणारे विषय आहेत. खानदेशात या माहेरपणाला हक्काची तिथी आहे. अक्षय्य तृतीयेला तेथे आखाजी म्हणतात. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेल्या शेतगड्याचे, साल त्या दिवशी संपते, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवतात, आमरस आणि खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या होतात, आणि लिंबाच्या फांद्यांना दोर टाकून माहेरवाशिणी झोके घेतात. सालदाराला ज्या दिवशी मोकळीक त्याच दिवशी सासुरवाशिणीलाही मोकळीक, हा योग लक्षात घेण्यासारखा आहे. दोघेही दुसऱ्याच्या शेतावर राबणारी माणसे.

माहेरी आलेली लेक बसून राहते असे मात्र नाही. उन्हाळा हा वाळवणाचा काळ; वाळवण म्हणजे कडक उन्हात वाळवून वर्षभर टिकवायचे पदार्थ. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, वाटून चोथा गाळून टाकतात, खाली बसलेला चीक पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवतात आणि ऊन चढण्याआधी सोऱ्यातून खाटेवरच्या धोतरावर पाडतात. चीक हाटणे एकीच्या हाताचे काम नव्हे. शेवया, पापड, सांडगे, बाजरीच्या खारोड्या, खानदेशातल्या बिबड्या यांतले बहुतेक जिन्नस आळीतल्या बायका पाळीपाळीने एकमेकींच्या दारी जमून करतात, आणि पुरुषांच्या सावडीची जशी नोंद झाली तशी या सावडीची कधी झाली नाही, याची खंत वाटते. सासरी परतताना लेकीबरोबर यातले डबे जातात, शिवाय चोळी-बांगडी, लोणच्याच्या कैऱ्या आणि वानोळा. वानोळा म्हणजे आपल्या रानात पिकलेल्या मालातला थोडा हिस्सा नातलगाला पाठवणे. त्यात कित्येकदा तूर, मटकी, हुलगा किंवा दोडक्याचे बी असते आणि ते पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या मातीत रुजते. गावरान वाण टापूभर पसरले त्यात बाईच्या या बोचक्याचा वाटा किती मोठा आहे, हे कृषी विद्यापीठांच्या बियाणे-यादीत दिसत नाही.

हौसेने केलेल्या प्रवासांशेजारी न टळणारे प्रवासही मांडले पाहिजेत. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात गेलेले धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारी कुटुंबे, उन्हाळ्यात पठाराकडे परततात. शेतकरी त्यांच्या मेंढ्या रात्री आपल्या रानात बसवून घेतो, लेंड्यांचे खत मिळते आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे दिले जातात. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवतांचा अभ्यास करताना शेतकरी व पशुपालक यांच्यातला हा जुना संबंध प्रकाशात आणला. याउलट दुष्काळातला प्रवास अशा देवघेवीविना होतो. 1972 च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात, मे 1973 मध्ये, राज्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. जमीन असलेला कुणबी आणि भूमिहीन मजूर शेजारी बसून खडी फोडत होते, आणि त्या अनुभवातूनच 1977 चा रोजगार हमीचा कायदा आकाराला आला. 2012-13 आणि 2018-19 या वर्षांत माणदेशातली कुटुंबे जनावरांसह चारा छावण्यांत राहिली. म्हातारी माणसे छावणीत दावणीपाशी, बायका गावात टँकरची वाट पाहत आणि मुले दोन्हींकडे हेलपाटे घालत, असा तो उन्हाळा होता. आवतने त्या वर्षीही गेली, पण जेवणावळी आखडल्या.

प्रवासाची साधने बदलली तसा प्रवासाचा पोतही बदलला. बैलगाडीने शिखरला जाणारे घर चार-पाच दिवस बाहेर असे, वाटेत तळ पडत, भाकरीची शिदोरी सरली की अनोळखी गावात तीन दगडांची चूल मांडली जाई. 1 जून 1948 रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांच्यामध्ये पहिली एसटी धावली आणि पुढच्या तीन दशकांत लाल गाडी वाड्यावस्त्यांच्या फाट्यापर्यंत पोचली; माहेर अर्ध्या दिवसावर आले. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीचे भाडे निम्मे झाले, तेव्हा बाईच्या माहेरपणाच्या खर्चावर घरात होणारी एक जुनी कुरबुर कमी झाली; मुराळ्याची वाट न पाहता स्वतः पिशवी उचलून गाडीत बसणारी सासुरवाशीण हे दृश्य दिसू लागले आहे आणि ते आनंदाचे आहे. दुसऱ्या बाजूने पाणी आले. टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचे पाणी दुष्काळी तालुक्यांत जसजसे पोचू लागले तसतसा उन्हाळा हा रिकामा हंगाम राहिला नाही. डाळिंबाचा आंबे बहार धरला की मार्च ते मे रोज ठिबक पाहावे लागते, उसाला पाळी चुकवता येत नाही, आणि वीज रात्रीची असेल तर घरातला कर्ता माणूस रात्री मोटारीपाशी असतो. पाण्याची वाट या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, त्यामुळे त्याच्या येण्यात खोट काढण्याचा अधिकार कोणालाच नाही; पण बागायतदार झालेले घर जत्रेला सकाळी जाते आणि संध्याकाळी परतते, आणि मुक्कामाच्या पाहुण्याला जी गोष्ट सांगता येते ती जेवून निघणाऱ्या पाहुण्याला सांगता येत नाही. ट्रॅक्टरने तासाच्या भाड्यावर नांगरट होऊ लागल्यावर इर्जिक तर शब्दापुरतीच उरली.

तरीही मेच्या अखेरीस सगळ्या ये-जेला एक हद्द पडते, ती अजून पुरती पुसलेली नाही. 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते, एखाद-दुसरा वळीव पडतो, तापलेल्या ढेकळांवर पाण्याचे टपोरे थेंब पडून ती फुटतात आणि कुळवाची पाळी घालायची वेळ येते. हलक्या माळावर बाजरी, मटकी, हुलगा पेरायचा असतो. मुंबईची आणि केरळची गाडी भरलेली असते, मामाच्या गावची पोरे दप्तर विकत घ्यायला परत गेलेली असतात, आणि घरात राहिलेली शेवटची माहेरवाशीण मृगाआधी सासरी पोचती करायची असते. तिची आई वळचणीला टांगलेली गाडगी उतरवते, राख लावून ठेवलेले बी सुपात पाखडते, त्यातले मूठभर एका फडक्यात बांधून लेकीच्या पिशवीत घालते आणि उरलेले पाभरीशेजारी आणून ठेवते.